मराठीला मराठी कशाला?

टाळेबंदीच्या वर्षी, म्हणजे २०२० साली, सगळ्यांनी केले तसे आम्हीही व्हिडिओ केले. पालमसारख्या तालुक्याच्या गावी स्टुडिओ वगैरे असण्याचा प्रश्नच नव्हता. पुस्तकांच्या थप्पीला मोबाईल टेकवून, आवाज नको म्हणून पंखा बंद करून, घाम पुसत आम्ही तिघे मराठीचे अध्यापक लीळाचरित्रापासून ग्रामीण कथेपर्यंत अभ्यासक्रमात जे काही होते ते त्या इवल्याशा भिंगासमोर बोललो आणि यूट्यूबवर चढवून मोकळे झालो. पुढे मूल्यांकनाच्या अहवालात त्याची 'ई-साहित्य' अशी भारदस्त नोंद झाली, दुवे जोडले गेले, आणि एखादे कर्ज फिटावे तशा समाधानाने आम्ही तो विषय विसरलो.

दोन वर्षांपूर्वी पदवीच्या पहिल्या वर्गात एक विद्यार्थिनी आली. लहानपणीच्या आजारात तिचे ऐकणे गेलेले. ती पहिल्या बाकावर बसते आणि आमचे ओठ वाचते. आम्ही फळ्याकडे तोंड करून बोललो की तिचे शिक्षण तेवढ्यापुरते थांबते, हे आमच्या लक्षात यायला पहिले सत्र संपावे लागले. परीक्षा जवळ आल्यावर 'आमचे जुने व्हिडिओ बघा' असे आम्ही वर्गाला मोठ्या ऐटीत सांगितले. दुसऱ्या दिवशी तिने वहीच्या पानावर लिहून विचारले : 'सर, व्हिडिओत ओठ नीट दिसत नाहीत. खाली लिहिलेलं का नाही?'

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर एकच होते. लिहिण्याचे आम्हाला सुचले नव्हते. मराठी लिहिणे, वाचणे आणि शिकवणे याच कामाचा पगार घेणाऱ्या माणसांना आपलेच बोलणे लिहून द्यावे असे सुचले नव्हते! हा लेख प्रथम आमच्याविरुद्ध आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. मग इतरांकडे वळू.

ही गोष्ट आम्ही एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या चर्चासत्रात सांगितली आणि मराठी चित्रपटांनाही मराठी सबटायटल असावेत असे सुचवले, तेव्हा व्यासपीठावरील एक चित्रपट दिग्दर्शक हसून म्हणाले, 'मराठी चित्रपटाला मराठी सबटायटल म्हणजे उसाला साखर लावण्यासारखे आहे.' सभागृह हसले. उपमा चांगली होती, त्यामुळे टाळ्याही पडल्या. ऊस ज्याच्या दातांनी चावत नाही त्याने काय करावे, हे मात्र कोणी विचारले नाही. म्हणून आम्ही येथे विचारतो.

मराठी चित्रपटाच्या तळाशी आज अक्षरे असतात, पण ती इंग्रजी असतात. त्याचे कारण उघड आहे. राष्ट्रीय पुरस्कारासाठी चित्रपट पाठवायचा तर इंग्रजी सबटायटल लागतात आणि परदेशी महोत्सवांना ते लागतातच. थोडक्यात, ती अक्षरे परीक्षकांसाठी आहेत. परीक्षकांना चित्रपट कळावा यात गैर काही नाही. 'श्वास' किंवा 'कोर्ट' जगापुढे गेले ते या इंग्रजी ओळींच्या खांद्यावर बसूनच. पण ज्या भाषेत चित्रपट बोलतो त्याच भाषेतील बहिऱ्या माणसाला तो कळावा, यासाठी एक ओळही कोणी लिहीत नाही. पैसे नाहीत असे सांगितले जाते. इंग्रजी ओळी करताना वेळेची सगळी आखणी झालेलीच असते. कोणते वाक्य कोणत्या क्षणी सुरू होते आणि कोठे संपते, हे त्या फाईलमध्ये सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदलेले असते. त्या चौकटीत मूळ मराठी संवाद बसवायचा आहे, आणि तो तर पटकथेत आधीच लिहिलेला आहे. खर्च कसला? राहतो तो कंटाळा, आणि त्याहून अधिक एक समजूत, की मराठी ही ऐकायची भाषा आहे आणि वाचायची भाषा वेगळी.

इतिहास याच्या उलटा आहे. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला तो मुका होता आणि त्यात अक्षरांच्या पाट्या येत. वाचता येणारा प्रेक्षक शेजाऱ्याला त्या मोठ्याने वाचून दाखवी. म्हणजे सिनेमागृहात वाचन चालत असे. पुढे १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला, तोही हरिश्चंद्राचीच कथा घेऊन, आणि मराठी सिनेमा बोलू लागला. आम्ही हे वर्ष विद्यार्थ्यांना मोठ्या कौतुकाने पाठ करून घेतो. पण ज्याला ऐकू येत नाही त्याच्या दृष्टीने पाहा. हरिश्चंद्र मुका होता तोवर तो याच्याशी बोलत होता. बोलू लागला त्या दिवशी तो याच्यापुरता मुका झाला. पडद्यावरची अक्षरे गेली आणि त्यांच्याबरोबर एक प्रेक्षकवर्गही गेला. कोणत्याही चित्रपट-इतिहासात या प्रेक्षकाच्या जाण्याची नोंद आम्ही वाचलेली नाही.

२०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या माणसांची देशातील संख्या ५० लाखांच्या वर आहे. कायदा त्यांच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम २९ मध्ये दूरचित्रवाणी कार्यक्रमांना सांकेतिक भाषा किंवा सबटायटल यांची जोड देण्याचा उल्लेख आहे. कलम ४२ मध्ये क्लोज्ड कॅप्शनचा शब्दशः निर्देश आहे. २०१९ साली माहिती व प्रसारण मंत्रालयाने दूरचित्रवाणीसाठी मानके काढली, मार्च २०२४ मध्ये चित्रपटगृहांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. जानेवारी २०२३ मध्ये 'पठाण' या चित्रपटाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने ओटीटीवरील प्रदर्शनासाठी हिंदीतून सबटायटल आणि कॅप्शन तयार करण्यास सांगितले. हिंदी चित्रपटाला हिंदी कशाला, असा विनोद न्यायालयाला सुचला नाही. मराठीत मात्र तो अजून टाळ्या घेतो.

अमेरिकेत १९७२ साली स्वयंपाकाच्या एका कार्यक्रमावर अशी अक्षरे प्रथम उमटली, १९८० साली हवी तेव्हा दाखवता येणारी बंद अक्षरे सुरू झाली आणि १९९० च्या कायद्याने ती वाचणारा भाग दूरचित्रवाणी संचातच बसवणे सक्तीचे केले. आपण मागे राहिलो ते केवळ तंत्रामुळे नाही. पण तंत्राचाही एक भाग होता. त्या जुन्या व्यवस्थेत रोमन लिपीची सोय होती, देवनागरीला जागाच नव्हती. आता युनिकोडने ती अडचण संपवली आहे, आणि तरीही आपण अडचण असल्यासारखेच वागतो. (या वस्तूला मराठीत एकमताचा शब्दही नाही. 'उपशीर्षक' म्हणतात, पण त्यात ना शीर्षक असते ना उपशीर्षक. ज्यांना वस्तूच नको त्यांना शब्द कशाला हवा? आम्ही सबटायटलच म्हणतो. असो.)

शिवाय प्रश्न फक्त बहिऱ्यांचा नाही. अहमदाबादच्या आयआयएममधील ब्रिज कोठारी यांनी १९९९ मध्ये गुजराती चित्रगीतांखाली गुजरातीच अक्षरे दिली. पुढे हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमांवर तेच केले. जेमतेम अक्षरओळख असलेला माणूस पाठ असलेले गाणे ऐकताना खालच्या ओळीवरून नकळत डोळा फिरवतो आणि वाचनाला सरावतो, अशी ती साधी कल्पना. हा प्रयोग पुढे आपल्या झी टॉकीजवरील मराठी चित्रपटांवरही झाला. आमच्या तालुक्यात ज्या घरांत वर्तमानपत्र येत नाही त्या घरांत मोबाईलवर रोज कीर्तन लागते, आणि अभंग तर सर्वांना पाठ असतात. त्या कीर्तनाखाली अक्षरे असती तर साक्षरता वर्गाने जे साधले नाही ते जनाबाईने साधले असते. तिचे गंगाखेड आमच्यापासून काही फार लांब नाही.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे आणि आमच्याच स्टाफरूममधून येतो : आता हे सगळे यंत्र करील, आपण कशाला घाम गाळायचा? आम्हीही प्रथम यंत्राकडेच गेलो. भाषाविज्ञानाच्या व्याख्यानाची चित्रफीत दिली. यंत्राने काही क्षणांत अक्षरे काढली आणि आम्ही थक्क झालो. मग वाचू लागलो. 'स्वनिम' या शब्दाच्या जागी सर्वत्र 'स्वामी' होते. 'मराठीतील स्वामींची संख्या' यावर आम्ही पंधरा मिनिटे बोललो आहोत, असे त्या फाईलचे म्हणणे होते. 'रूपिम'चे 'रुपये' झाले होते. 'लीळाचरित्र' हे 'लीला चरित्र' झाले होते, म्हणजे ळ गेला होता. 'दुसऱ्या'मधला र्‍य मोडून 'दुसर्या' झाला होता. ऐकू येणारा विद्यार्थी हे पाहून हसेल आणि कानांवर विश्वास ठेवील. पण जिच्यासाठी हे केले तिच्याकडे ताडून पाहायला दुसरे काही नाही. तिने ते खरे मानून उत्तरपत्रिकेत स्वामी लिहिले असते आणि आम्ही लाल शाईने शून्य दिले असते.

यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला जे ऐकवले ते ते बोलते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या 'व्हिस्पर' या गाजलेल्या प्रणालीला एकूण सहा लाख ऐंशी हजार तासांचे ध्वनिमुद्रण शिकवण्यात आले. तिच्या निर्मात्यांनीच दिलेल्या तक्त्यात मराठी बोलणे आणि त्याचे मराठी लेखन अशी जोडी एका तासाचीही नाही. तमिळची शंभर तासांहून अधिक आहे. आठ कोटींहून अधिक लोकांची ही भाषा, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी जिला अभिजात दर्जा मिळाल्याबद्दल आम्ही महाविद्यालयात पेढे वाटले ती. पण बोललेले आणि त्याखाली नीट लिहिलेले असे मराठी तासभरही त्या जाळ्यात सापडले नाही! यंत्र मराठी शिकले नाही याचे कारण आम्ही ती त्याच्यासमोर लिहिली नाही. आता मद्रास आयआयटीत आणि 'भाषिणी'सारख्या सरकारी उपक्रमात भारतीय भाषांचे बोलणे जमवण्याचे काम चालले आहे, आणि यंत्रे सुधारतही आहेत. पण कोणीतरी माणसाने आधी बरोबर लिहिल्याशिवाय ती सुधारत नाहीत. 'यंत्र करील' म्हणणारा माणूस प्रत्यक्षात 'दुसरा कोणीतरी करील' एवढेच म्हणत असतो.

तेव्हा आम्ही हाताने करायला बसलो. 'सबटायटल एडिट' नावाचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर घेतले. एका बाजूला चित्र, खाली आवाजाची लाट, लाटेवर रेघा मारायच्या आणि रेघांमध्ये वाक्य लिहायचे. दहा मिनिटांच्या फितीला पहिल्या दिवशी सव्वादोन तास लागले. वाचकाला डोळ्यांखालून घालता येईल इतकीच अक्षरे प्रत्येक सेकंदाला असावीत असा त्या सॉफ्टवेअरचा दंडक असतो. मर्यादा ओलांडली की ओळ लाल होते. आमच्या ओळी लालच लाल. मग कळले की ते सॉफ्टवेअर देवनागरी डोळ्यांनी मोजत नाही. 'महाराष्ट्र' यात आम्हाला चार अक्षरे दिसतात, त्याला दहा दिसतात, कारण काना, वेलांटी, पायमोडका हलन्त हे सर्व ते स्वतंत्र धरते. 'स्त्री' हे आमचे एक अक्षर, त्याची सहा. इंग्रजीसाठी कापलेला अंगरखा मराठीच्या अंगात घालायचा म्हणजे कोठेतरी उसवणारच. आम्ही मर्यादा वाढवून घेतली.

वाक्य तोडणे याहून अवघड. मराठी क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याच्याही मागे. 'मी त्याला तसं सांगितलं' एवढे एका पाटीवर आले आणि 'नव्हतं' पुढच्या पाटीवर गेले, तर दोन सेकंद वाचक नेमका उलटा अर्थ धरून बसतो. यंत्र असे खुशाल तोडते. शालेय व्याकरणात वाक्यपृथक्करण शिकवताना आम्हाला स्वतःलाच ते निरुपयोगी वाटत असे. आता दर ओळीला ते वापरावे लागले.

आणि येथेच आमची खरी फजिती झाली. व्याख्यानांनंतर आम्ही उत्साहाने एक जुनी मुलाखत घेतली. गोदाकाठी, जांभूळबेटाच्या बाजूच्या एका गावातील म्हाताऱ्या बाई जात्यावरच्या ओव्यांविषयी बोलत आहेत, अशी ती फीत. आमच्यापैकी एकाने त्यांना वय विचारले तेव्हा त्या म्हणतात, 'कामून इचारायलास, बाबा?' आम्ही खाली लिहिले : 'का विचारतोस, बाबा?' शुद्ध, सुबक, दोन्ही बाजूंनी मोजून बसवलेले. फीत त्या विद्यार्थिनीला दाखवली. तिने ती थांबवली, मागे नेली, पुन्हा पाहिली आणि लिहिले : 'त्या का म्हणत नाहीत. का म्हणताना ओठ मिटत नाहीत. त्यांचे मिटतात.'

म हा ओष्ठ्य वर्ण आहे. हे आम्ही वीस वर्षे वर्गात सांगत आलो आहोत.

ज्या मुलीला ऐकू येत नाही तिला त्या बाईंचे 'कामून' दिसले, आणि आम्ही तिच्याच हाती खोटी पाटी दिली. तिला आमच्या गावचे बोलणे कधीच ऐकता येणार नाही. ते तिला मिळाले तर फक्त अक्षरांतून मिळणार, आणि ते अक्षरांत शिरण्याआधीच आम्ही त्याला पुण्याचे कपडे घातले. वर ते करताना आपण काही वावगे करतो आहोत असे आम्हाला क्षणभरही वाटले नाही. आम्ही तर भाषा 'नीट' करत होतो. परभणी जिल्ह्याची बोली साहित्यात आल्याबद्दल आम्ही अभिमानाने लेख लिहितो. आसाराम लोमटे यांना २०१६ साली 'आलोक'साठी साहित्य अकादमी मिळाली तेव्हा ती आमचीच असल्यासारखे वागलो. तीच बोली एका म्हातारीच्या तोंडून आली तर तिला दुरुस्त करतो.

यावर आमच्या काही व्यवसायबंधूंनी शुद्धलेखनाचा मुद्दा काढला. प्रमाणलेखनाची शिस्त मोडली तर विद्यार्थी बिघडतील, असे त्यांचे म्हणणे. त्यांना आम्ही एवढेच सांगतो, की नियम एकदा पुन्हा वाचावेत. पात्राच्या तोंडी बोलण्याची भाषा घालायची असेल तेव्हा ती त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहावी, अशी तरतूद मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांतच आहे. सबटायटल म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत कोणाच्या तरी तोंडचे बोलणे. तेव्हा 'कामून'चे 'का' करणारा नियम पाळत नाही, मोडतो. आणि परंपरेचेच पाहायचे तर म्हाइंभटाचे पाहावे. तेराव्या शतकात त्याने चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या त्या माणसांकडे जाऊन, कोण कोठे काय बोलले हे विचारून. मराठीचे पहिले मोठे गद्य हे बोललेले लिहून ठेवण्यातून आले. अलीकडच्या काळात गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या, त्याही बायांच्या तोंडी होत्या तशा. ही वाट नवी नाही. आम्ही ती नुसती प्रश्नपत्रिकेत घालतो.

प्रश्नपत्रिकेवरून आठवले. नव्या शैक्षणिक धोरणानंतर मराठीच्या अभ्यासक्रमांत कौशल्ये आली आहेत : माध्यमलेखन, अनुवाद, संहितालेखन. छान. पण परीक्षेत आपण विचारतो काय? 'स्वरूप सांगून व्याप्ती स्पष्ट करा.' विद्यार्थी स्वरूप सांगतो, व्याप्ती स्पष्ट करतो आणि पदवी घेऊन बाहेर पडतो. त्याला पाच मिनिटांच्या फितीला अक्षरे लावता येत नाहीत, कारण त्याच्या गुरुजींनाही येत नाहीत. मराठी एम. ए. करून काय करायचे, या प्रश्नावर चर्चासत्रे भरतात. मराठीत रोज इतके बोलणे यूट्यूबवर पडते आहे : कीर्तने, शेतीसल्ले, सभा, व्याख्याने, चित्रपट. यातले किती लिहिलेले आहे? एनपीटीईएलच्या अभियांत्रिकी व्याख्यानांचे अनुवाद इतर भारतीय भाषांबरोबर मराठीतही करून घेतले गेले. आणि मराठी विषयाची व्याख्याने मराठी विभागांना लिहून काढता येत नाहीत! येथे नोकऱ्या निघतील असे खोटे आश्वासन आम्ही देणार नाही. परंतु काम आहे, आणि ते आमच्याशिवाय दुसऱ्या कोणाचे नाही.

यंदा अंतर्गत गुणांसाठी आम्ही निबंध बंद केला. प्रत्येकाने आपल्या घरच्या किंवा गावच्या माणसाला पाच मिनिटे बोलते करायचे आणि त्याखाली त्याचेच शब्द लिहायचे. आजीने 'इचारलं' म्हटले तर 'इचारलं'. तपासणीचा एक भाग त्या विद्यार्थिनीकडे दिला आहे. आवाज बंद ठेवून ती ओळी आणि ओठ ताडून पाहते, आणि आमच्यापेक्षा निर्दय आहे.

आमच्या जुन्या फितीही तिच्याकडून तपासून येतात. ग्रामीण कथेवरच्या चर्चेत चौदाव्या मिनिटाला आम्ही तिघेही हसतो. तेथे आम्ही कंसात 'हशा' लिहिले होते. तिने त्यावर खूण करून विचारले, 'हसताना दिसताच. का हसता ते लिहा.' आम्हाला आठवेना. आवाज वाढवून तीनदा ऐकले, तेव्हा आमच्या शिपायाचा दुरून आलेला आवाज सापडला. आता तेथे ओळ आहे : '(दाराबाहेरून) सर, च्या निवला की.'